खुर्चीपासून वीतभर पुढे

मोजणीदारांनी चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. एवढ्या काळात त्यांच्या मोजणीवर कुणाला बोट ठेवता आलं नाही. त्याच काळात त्यांनी बायकोचे जे फोटो काढले, त्यांवरही कुणाला बोट ठेवता आलं नाही. ठेवलं की बायको त्याखाली अख्खी झाकली जायची.

हे असंच चाललं असतं तरी कुणाचं काही अडत नव्हतं. पण त्यांची बायको इस्पितळात मेट्रन होती आणि येत्या शनिवारी निवृत्त होत होती. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, नर्सेसच्या खोलीबाहेर, आधीच्या सहा मेट्रन ओळीनं भिंतीवर लावलेल्या आहेत. सहाही जणी अशा बघतात, की जणू थर्मामीटर कुणी फोडला ते त्यांना ठाऊक आहे आणि फोडणारा कबुली देण्याची त्या वाट पाहताहेत. सातवा खिळा ठोकून झाला होता. ऑफिसनं कळवलं होतं, की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फोटो आला नाही तर ओळखपत्रावरचा मोठा करून लावू.

ओळखपत्रावरच्या फोटोत मेट्रनबाईंचा एक डोळा मिटलेला होता, दुसरा मिटायच्या बेतात होता आणि तोंड, शिंक येता येता परत गेल्यासारखं.

“म्हणजे मी भिंतीवर जन्मभर शिंकत राहायचं,” रविवारी जेवताना त्या म्हणाल्या. “नव्या मुली येतील, विचारतील ह्या कोण. सांगतील, ह्यांना सर्दी असायची.”

“स्टुडिओत जा ना मग.”

“स्टुडिओवाला हनुवटीला हात लावतो. हनुवटीला हात लावायचं काम माझं आहे. दुसऱ्यानं लावला की माझं तोंड वाकडं होतं.” मग त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “घरात तीस वर्षं कॅमेरा पोसलाय. एक फोटो काढा की.”

मोजणीदारांनी हात धुतले आणि कपाटातून कॅमेरा काढला.

कॅमेरा जुना होता, रोलचा, हातात घेतला की वजन सांगणारा. त्यात लेन्समधून बघायचं नसतं. वरच्या कोपऱ्यात एक खिडकी असते, तिच्यातून बघायचं. खिडकीच्या मध्यभागी एक उजळ ठिपका, त्यात समोरच्या वस्तूच्या दोन छाया. लेन्सची कडी फिरवत दोन्ही छाया एकावर एक बसवल्या की अंतर जुळलं. लेन्स होती एकच, पन्नास मिलिमीटरची, कॅमेऱ्याबरोबर आलेली. आता मोजणीदारांनी रातोरात ठरवून टाकलं, की आजवर बायकोचा फोटो आला नाही तो दोष पन्नासचा. छंदी मंडळी छातीठोक सांगतात, चेहऱ्यासाठी नव्वदची. लांबचं जवळ दिसतं. माणसाला दोष सापडेपर्यंत चैन नसते, आणि तो लोखंड-काचेत सापडला तर सोन्याहून पिवळं.

सोमवारी सकाळीच ते भिंगवालीकडे पोचले.

भिंगवालीचं दुकान बोळाच्या टोकाला, दाराएवढंच रुंद. पूर्वी ती प्रयोगशाळांचे मायक्रोस्कोप दुरुस्त करायची. आता जुने कॅमेरे दुरुस्त करते, लेन्सा विकते आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत रोल धुऊन देते. वय चाळिशीचं. एक भिंग कपाळावर चढवलेलं, दुसरं गळ्यात, आणि दिवसातून दोनदा तिसरं शोधत असते. गिऱ्हाईक आलं की हातातलं काम ठेवून अशी बघते, की जणू बारीक पण महत्त्वाच्या वस्तूवरून मोठ्या पण बिनमहत्त्वाच्या वस्तूकडे यावं लागलंय.

“नव्वदची लेन्स हवी.”

“कुणासाठी, काका?”

“माझ्यासाठी.”

“ते दिसतंय. कॅमेऱ्यासमोर कोण असणार?”

“आमची ही.”

“आणि तुम्ही किती लांब उभे राहणार?”

मोजणीदारांना हा प्रश्न आवडला. त्यांनी पिशवीतून वही काढली. काढलेल्या प्रत्येक फोटोची नोंद तिच्यात होती: अनुक्रमांक, वस्तू, अंतर. तारीख एकवेळ सुटेल, अंतर सुटायचं नाही. भिंगवालीनं गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि वाचू लागली.

“गंजलेलं कुलूप, एक मीटर. झाडाचं खोड, एक मीटर. शेजारचं मांजर, सव्वा मीटर. ही, साडेचार मीटर. ही, पाच मीटर. ही, बागेत, सहा.” तिनं भिंग खाली सोडलं. “मांजरापेक्षा बायको चौपट लांब?”

“मांजर बोलत नाही,” मोजणीदार म्हणाले.

आणि ते खरंच होतं. दोन मीटरच्या आत आलं की मेट्रनबाईंना नवऱ्याची कॉलर दिसायची, दाढीत राहून गेलेला पट्टा दिसायचा, डोळ्याखालची सूज दिसायची, आणि दिसलं की त्या गप्प बसायच्या नाहीत. साडेचार मीटरवर शांतता होती. शिवाय धंद्याची सवय: माणूस काठी घेऊन लांब उभा, आपण इकडे दुर्बिणीला डोळा लावून. दुरून डोंगर साजरे, आणि माणसं सरळ.

“म्हणजे जागेवरून हलायचं नाही, उंटावरून शेळ्या हाकायच्या, म्हणून काठी लांब हवी,” भिंगवाली म्हणाली. “माझं ऐका, पस्तीसची बघा. नाहीतर आहे ती पन्नासची घेऊन दोन पावलं पुढे व्हा.”

“पस्तीसची देखाव्यांना. चेहऱ्याला नव्वदची.”

“कोण म्हणतं?”

“सगळे म्हणतात.”

“मग सगळ्यांच्या बायकांचे फोटो छान आले असतील,” ती म्हणाली, पण तिनं कपाट उघडलं. “विकत घेऊ नका. तीन दिवस घेऊन जा. पटली तर बोलू.”

मंगळवारी संध्याकाळी मेट्रनबाई ड्युटीवरून आल्या तेव्हा खोलीचं रूप पालटलेलं होतं. खिडकीजवळ वेताची खुर्ची, समोर दीड मीटरवर कॅमेऱ्याचं तिकाटणं, आणि दोहोंच्या मध्ये मोजणीदार गुडघे टेकून, हातात टेप.

“हे काय? पाया खणताय?”

“अंतर घेतोय. खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकतं तिथपासून, कॅमेऱ्यात रोल असतो तिथपर्यंत.”

“त्या खिडकीत ठिपका आहे ना दोन छाया जुळवायला?”

“ठिपका अंदाज देतो. टेप खरं सांगतो.”

खरं आणखीही एक होतं. हल्ली ठिपक्यातल्या दोन छाया त्यांना संध्याकाळच्या उजेडात नीट दिसत नव्हत्या. पण ते बायकोपुढे बोलायचं म्हणजे उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरपुढे बसायचं.

मेट्रनबाई बसल्या. मोजणीदारांनी लेन्सच्या कडीवर दीड मीटर लावलं, दोनदा तपासलं. मागची भिंत धूसर यावी म्हणून लेन्सचं भोक पूर्ण उघडलं. तेही सगळे म्हणतात म्हणूनच.

“बघा हं इकडे.”

“बघतेय. एवढं लांब नाक कशाला लागतं कॅमेऱ्याला? आणि तुमचा डावा हात का थरथरतोय?”

“थरथरत नाहीये.”

“थरथरतोय. दुपारी जेवलात का?”

“जेवलो.”

“काय जेवलात?”

खट्. खट्. खट्. छत्तीस वेळा. कॅमेऱ्याच्या खिडकीतून मेट्रनबाई प्रत्येक वेळी लख्ख दिसल्या, डोळ्यांतल्या चमकेसकट. मोजणीदार खूश झाले. आता ह्या जातीच्या कॅमेऱ्याची गोष्ट अशी आहे, की खिडकीतून सगळं नेहमीच लख्ख दिसतं, जवळचं आणि लांबचं. लेन्स कुठे बघतेय ह्याचा खिडकीला पत्ताच नसतो. एकाच घरात राहून दोघं दोन दिशांना बघतात आणि संसार सुरळीत चालल्याचा भास होतो. म्हणूनच तर ठिपका दिलेला असतो. पण मोजणीदारांचा टेपावर विश्वास होता.

बुधवारी दुपारी भिंगवालीनं धुतलेला रोल काचेच्या टेबलावर पसरला, खाली दिवा लावला, आणि भिंग लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. परत आली.

“काका, अप्रतिम.”

“हो ना?”

“वेताची वीण अन् वीण मोजून घ्या. एक धागा सुटलाय वरच्या डाव्या कोपऱ्यात, तोही दिसतोय.” तिनं भिंग त्यांच्या हातात दिलं. “शनिवारी खुर्ची निवृत्त होतेय का?”

मोजणीदारांनी वाकून पाहिलं. छत्तीस खुर्च्या, एकीपेक्षा एक ठळक. आणि प्रत्येकीच्या पुढे, दुधात बुडवून काढल्यासारखी, एक बाई. एकाच फोटोत बाई स्पष्ट होती, खुर्चीच्या पाठीला टेकून बसलेली. पण त्यात ती घड्याळाकडे बघत होती.

“माझं माप चुकलेलं नाही,” ते म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

“माप चोख आहे. माणूस मापावर नाहीये.” तिनं बोटानं दाखवलं. “ह्या बघा, पुढे आल्यात. ह्यातही. ह्यातही. चांगल्या वीतभर पुढे. आणि नव्वदच्या लेन्सला, भोक उघडं टाकल्यावर, तीन बोटांची पट्टी स्पष्ट दिसते. त्याच्या अलीकडे धुकं, पलीकडे धुकं. तुम्ही त्यांना सरळ बसायला सांगितलं नव्हतं?”

“बसवली होती सरळ.”

“मग?”

मोजणीदार स्टुलावर बसले. आणि मग, तीस वर्षं समोर असलेली गोष्ट पहिल्यांदा आठवावी तसं त्यांना ते आठवलं. बायको सरळ बसतच नाही. समोर माणूस आला की ती पुढे झुकते. दूधवाला असो, जावई असो, रस्त्यात पत्ता विचारणारा असो. आधी कमरेतून, मग मानेतून. चाळीस वर्षं आजारी माणसांवर वाकून वाकून तिचं शरीर तसंच घडलं होतं. मोजलेल्या खुर्चीवर ती बसली, आणि समोर नवरा दिसला, त्याचा हात थरथरताना दिसला, ती झुकली. झुकणारच.

“ती तशीच आहे,” ते म्हणाले. “माणूस दिसला की पुढे येते.”

“मग लेन्स त्यांच्या मापानं घ्यायला हवी, खुर्चीच्या नाही,” भिंगवाली म्हणाली. “कॅमेरा द्या.”

कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला एक इवलीशी दांडी असते. ती सरकवली की खिडकीतली चौकट बदलते; लेन्स न बदलताच कळतं, कुठल्या लेन्समध्ये किती मावेल. मोजणीदारांनी तीस वर्षं ती दांडी ‘उगाच कशाला’ म्हणून हलवली नव्हती. भिंगवालीनं कॅमेरा त्यांच्या डोळ्याला लावायला लावला आणि काउंटरवर कोपर टेकून स्वतः त्यांच्याकडे झुकली.

“आता मी तुमच्याशी भांडतेय असं समजा. दांडी आत. काय दिसतं?”

“नव्वद. नुसतं नाक-डोळे.”

“मी आणखी जरा हलले तर?”

“कान गेला.”

“मध्ये आणा.”

“पन्नास. चेहरा आहे. खांदा तुटतोय.”

“आता बाहेर.”

चौकट मोकळी झाली. भिंगवालीचा चेहरा, दोन्ही खांदे, टेकलेला हात, मागचं कपाट. ती बोलत होती, हलत होती, आणि चौकटीतून सांडत नव्हती.

“पस्तीस,” मोजणीदार म्हणाले.

मग त्यांनी तिन्ही लेन्सा काउंटरवर मांडल्या. लेन्सच्या अंगावर बारीक रेघा कोरलेल्या असतात. किती भोकाला किती पल्ला स्पष्ट येईल ते सांगणाऱ्या. हे त्यांच्या घरचं काम होतं. वही उघडून त्यांनी आकडे मांडले. हाताच्या अंतरावर, भोक थोडं मिटवून, पन्नासला सात बोटं. पस्तीसला वीत. त्यांनी काउंटरवर स्वतःची वीत पसरून पाहिली, बायको झुकते तेवढीच. चौतीस वर्षांत इतकी गोड मोजणी त्यांना मिळाली नव्हती.

“ही देऊन टाका,” ते म्हणाले. “विकत.”

“नाक जरा मोठं येईल हं. जवळून पस्तीसला ती खोड आहे. आणि सत्तर सेंटिमीटरच्या आत हिला काही दिसत नाही. बाई त्याच्या आत आल्या की पुन्हा धुकं.”

गुरुवारी दुपारची ड्युटी नव्हती. तीच खुर्ची, तीच खिडकी. पण बुधवारी मोजणीदारांनी एक घोडचूक केली होती: झालेला सगळा घोटाळा बायकोला सांगून टाकला होता. तू झुकतेस, म्हणून. तेव्हा आज मेट्रनबाई काठी गिळल्यासारख्या बसल्या. पाठ खुर्चीला, हात मांडीवर, मान ताठ.

“अगं, जरा सैल.”

“झुकायचं नाही ना? नाही झुकत.”

“आता झुकलेलं चालतं. त्यासाठीच तर लेन्स आणलीय.”

“एकदा म्हणायचं झुकू नको, एकदा म्हणायचं झुक. मी काय फांदी आहे?”

मोजणीदार आज तिच्यासमोर स्टुलावर बसले होते, गुडघ्याला गुडघा जवळजवळ लागेल इतके. कॅमेऱ्याच्या खिडकीतून त्यांना भिंतीवरची सातवी मेट्रन दिसली. हुबेहूब. थर्मामीटर फोडणाऱ्याची वाट बघणारी. हा फोटो स्पष्ट आला असता, आणि ह्यापेक्षा शिंक परवडली. त्यांनी दोन काढले, तिसऱ्याला बोट उचललं. एक वाजून गेला होता. भिंगवालीला तीनपर्यंत रोल हवा होता, तरच उद्या फोटो.

सांगून ती झुकणार नाही, हे त्यांना कळलं. ती कुणाच्या सांगण्यावरून झुकतच नव्हती कधी.

त्यांनी कडीवर खुर्चीपासून वीतभर अलीकडचं अंतर लावलं, जिथे ह्या घडीला नुसती हवा होती. कॅमेरा डोळ्याला लावला. आणि सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, “कालपासून गिळताना घशात काहीतरी टोचतंय.”

काठी मोडली. आधी कमर आली, मग मान. कपाळावर दोन आठ्या, त्यांच्याखाली डोळे असे उघडलेले, की समोरच्या माणसाखेरीज जगात दुसरं काही नाही. ओठ बोलायला सुटलेले.

“कालपासून? आणि आज सांगताय? आ करा.”

मोजणीदारांनी आ केला. एक डोळा खिडकीला, दुसरा मिटलेला, तोंड सताड उघडं. ती आता नव्वद सेंटिमीटरवर होती, आता ऐंशीवर, आणि पुढच्या क्षणी सत्तरच्या आत जाणार होती.

खट्.

“मोठा करा. जीभ खाली. तो कॅमेरा बाजूला घ्या आधी, उजेड अडतोय.”

एवढीच एक संधी होती. पुढचं सगळं धुक्यात गेलं.

शुक्रवारी पाच वाजता भिंगवालीकडून मोठा केलेला फोटो घरी आला. मेट्रनबाईंनी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, चष्मा लावला, चष्मा काढला, परत लावला.

“हे तोंड मी करते?”

“रोज.”

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तशा. मग सावध झाल्या. “नाक मोठं आलंय.”

“ते लेन्समुळे. पस्तीसची खोड आहे.”

“लेन्सवर कशाला ढकलताय? आमच्या वडिलांकडचं आहे.” त्यांनी फोटो पाकिटात घातला. “जा. सहाला ऑफिस बंद होतं.”

शनिवारी फोटो खिळ्यावर चढला. सहा मेट्रन थर्मामीटर फोडणाऱ्याची वाट बघत होत्या. सातवी वाकून तुमचीच चौकशी करत होती. वॉर्डातली सगळ्यात धाकटी सिस्टर त्याच्यापुढे उभी राहिली आणि, हात जोडावे की काय अशा गोंधळात, म्हणाली, “बाई, तुम्ही आता गेलात तरी मला वाटतंय, मी जेवले का ते तुम्ही विचारणार.”

“जेवलीस का?” मेट्रनबाईंनी शेजारी उभं राहून विचारलं.

“नाही.”

“मग जा.”

मोजणीदार मागे उभे होते, साधारण चार मीटरवर. पाहता पाहता ते तीनवर आले, मग दोनवर. कुणी बघत नाहीसं पाहून त्यांनी वही काढली आणि नोंद केली: ‘ही, ऐंशी सें.मी.’ शाई वाळेपर्यंत ते त्या आकड्याकडे बघत राहिले.

घरी येताना, जिन्याच्या दुसऱ्या वळणावर, मेट्रनबाई म्हणाल्या, “घशाचं काय?”

“घशाला काही नव्हतं गं. तू झुकावंस म्हणून म्हणालो. लबाडी केली, माफ कर.”

त्या थांबल्या. वळल्या. कमरेतून आल्या, मग मानेतून.

“लबाडी तुमची असेल. घसा लाल होता. मी बघितला ना. उजव्या बाजूला. आ करा.”

“इथे? जिन्यात?”

“आ करा म्हणते ना.”

खालून वर येणारे शेजारी भिंतीला लागून, वाट काढत गेले. मोजणीदार जिन्यात तोंड उघडून उभे होते. त्या रात्री, रविवारी दोनदा आणि सोमवारी तीनदा त्यांनी कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या केल्या, आणि प्रत्येक वेळी न्हाणीच्या दाराशी उभं राहून बायकोनं मोजल्या. मंगळवारी घसा साफ असल्याचं तिनं जाहीर केलं. मोजणीदारांना तो आधीपासूनच साफ वाटत होता, पण ह्या बाबतीत त्यांनी आपलं माप पुढे केलं नाही.